कामाची बातमी कुणाच्या हाती? बोर्ली पंचतन, गिरणगाव आणि सरकारी नोंदवहीचा शंभर वर्षांचा हिशेब

१/
१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच दिवशी देशात आणखी एक गोष्ट अमलात आली. तिची आठवण मात्र कोणी काढत नाही. रिक्त जागांची माहिती सेवायोजन कार्यालयाला कळवणे मालकांवर बंधनकारक करणारा १९५९ चा केंद्रीय कायदा त्या दिवसापासून लागू झाला. काम कुठे आहे ही बातमी सरकारी खर्चाने, विनामूल्य आणि सर्वांना मिळावी, हा त्यामागचा विचार. रायगडच्या किनाऱ्यावरील बोर्ली पंचतनसारख्या गावाच्या पदरात या विचाराने नेमके काय टाकले, ते या धाग्यात पाहू.

२/
बोर्ली पंचतन हे श्रीवर्धन तालुक्यातले गाव. शेजारी दिवेआगर, उत्तरेला दिघी बंदर आणि राजपुरीची खाडी. नारळी-पोफळीच्या वाड्या, पावसावरचे भात आणि मासेमारी हा या किनाऱ्याचा जुना संसार. भाताचे पीक एक, जमिनीचे वाटे अनेक. त्यामुळे घरातला एक तरी पुरुष बाहेर असणे हे या भागात अपवादाचे नव्हे, रिवाजाचे होते. कोणी मुंबईच्या गिरणीत, कोणी गोदीत, कोणी आगबोटीवर आणि पुढे कोणी आखाती देशांत. मनीऑर्डरवर चालणाऱ्या कोकणाचे हे एक टोक.

३/
एक राजकीय तपशील इथे महत्त्वाचा आहे. १९४८ पर्यंत हा भाग ब्रिटिश मुलखात नव्हता. तो मुरूडच्या नवाबांच्या जंजिरा संस्थानात होता. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानांना आपोआप लागू होत नसत. म्हणजे बोर्लीचा माणूस मुंबईत घाम गाळत होता, पण त्याचे गाव मुंबई सरकारच्या कचेऱ्यांच्या कक्षेबाहेर होते. विलीनीकरणानंतर श्रीवर्धन कुलाबा जिल्ह्यात आले आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. गाव तिथेच राहिले. त्याला माहिती पुरवण्याची जबाबदारी असलेले सरकार तेवढे बदलले.

४/
मग मुंबईत काम आहे, हे गावाला कळे कसे? कागदावरून क्वचितच. शिमग्याला आणि गणपतीला परतणारे चाकरमानी, किनाऱ्याने ये-जा करणाऱ्या आगबोटी, कोणाकडून तरी लिहवून घेतलेले पोस्टकार्ड, हीच त्या काळची वार्तापत्रे. मुंबईत उतरलेला तरुण आधी गावकीच्या खोलीवर जाई. एकाच गावाच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेल्या त्या खोलीत वळकटी ठेवायला जागा, खानावळीची उधारी आणि कोणत्या गिरणीत कोणत्या खात्यात माणसे घेत आहेत याची खबर, तिन्ही एकत्र मिळत.

५/
गिरणीच्या दारात मात्र सत्ता दुसऱ्याची होती: जॉबरची, म्हणजे मुकादमाची. बायकांच्या खात्यांत नाईकिणीची. माणूस कामावर घेणे, खाड्यावर पाठवणे, रजेवरून परतल्यावर पुन्हा आत घेणे, हे बहुतांशी त्याच्या शब्दावर चाले. त्या शब्दाची किंमत म्हणजे दस्तुरी. मुंबईच्या कामगारांवर १९२५ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या बर्नेट-हर्स्टपासून पुढच्या सर्व अभ्यासकांनी या लाचखोरीची नोंद केली आहे. काम मिळवण्यासाठी पैसे, आणि काही ठिकाणी ते टिकवण्यासाठीही पैसे.

६/
मुकादमाला केवळ खलनायक ठरवून इतिहास कळत नाही. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की जॉबर सर्वशक्तिमान नव्हता. वस्ती, नातेसंबंध आणि गावकी यांच्या आधारावरच त्याची सत्ता उभी होती. तो एकाच वेळी दोन गोष्टी विकत असे. पहिली बातमी: जागा कुठे आहे. दुसरी भरवसा: हा माणूस माझा आहे, याला घ्या. पुढची सगळी गोष्ट समजून घेण्यासाठी ही दोन नावे ध्यानात ठेवावीत, बातमी आणि भरवसा. सरकारने पहिली गोष्ट फुकट वाटायचे ठरवले. दुसरीचे काय झाले, त्यावर या प्रयत्नाचे यशापयश ठरले.

७/
समुद्रावर हीच रचना वेगळ्या नावाने होती. कोकणी मुसलमान आणि खारवी समाजांतले अनेक पुरुष परदेशी कंपन्यांच्या बोटींवर खलाशी होते. त्यांची भरती परवानाधारक दलाल आणि सारंग यांच्यामार्फत होई. एक सफर संपली की पुढची बोट मिळेपर्यंत खलाशी मुंबईत उधारीवर दिवस काढी आणि ती उधारी देणाराच अनेकदा बोटीवर चढवणारा असे. १९२२ मध्ये क्लो यांच्या समितीने या भरतीची चौकशी करून दलालांऐवजी सरकारी भरती कचेरी असावी अशी शिफारस केली. खलाशांच्या सेवायोजन कार्यालयांना कायद्यात पक्के स्थान मिळाले ते १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने. शिफारस आणि कायदा यांत छत्तीस वर्षे गेली.

८/
या भरतीत आणखी एक अदृश्य चाळणी होती. मुंबईच्या गिरण्यांतील साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार बरा असे. पण तिथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, हे त्यामागचे विटाळाचे कारण. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठामपणे मांडला. नात्यागोत्यातून वाहणारी बातमी जातीच्या पाटातूनच वाहते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. गावकीची खोली ज्याला आपले म्हणेल त्यालाच खबर मिळे. म्हणूनच सर्वांसाठी खुल्या अशा नोंदवहीची कल्पना ही केवळ प्रशासकीय सोय नव्हती. तिच्यात समतेचे आश्वासन होते.

९/
त्या कल्पनेच्या जन्माशी या परिसराचा थेट संबंध आहे. नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ मध्ये कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. हे गोरेगाव माणगाव तालुक्यातले, बोर्लीहून फार दूर नाही. १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणारे ना. म. जोशी १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. त्या परिषदेत संमत झालेला दुसराच ठराव बेकारीवर होता. प्रत्येक देशाने बेकारीची आकडेवारी नियमितपणे कळवावी आणि मध्यवर्ती नियंत्रणाखाली विनामूल्य सार्वजनिक सेवायोजन कचेऱ्या उघडाव्यात, असे त्यात म्हटले होते.

१०/
ही कल्पना तेव्हा जुनी झाली नव्हती. ब्रिटनने १९०९ मध्ये कायदा करून १ फेब्रुवारी १९१० पासून अशा कचेऱ्या सुरू केल्या होत्या. मंत्री विन्स्टन चर्चिल आणि आराखडा विल्यम बेव्हरिज यांचा. लंडनच्या गोदीत रोज पहाटे दारावर गर्दी करणाऱ्या मजुरांची दैना पाहून बेव्हरिज या निष्कर्षाला आले होते, की बेकारीचा एक भाग कामाच्या अभावामुळे नसून काम आणि माणूस यांची गाठ न पडल्यामुळे असतो. हिंदुस्थान सरकारने वॉशिंग्टनचा करार १९२१ मध्ये मान्य केला. १९३८ मध्ये त्यातून अंगही काढून घेतले. मधल्या सतरा वर्षांत देशभर कचेऱ्यांचे जाळे उभे राहिले नाही.

११/
का राहिले नाही, याचे उत्तर शाही कामगार आयोगाच्या कामात सापडते. १९२९ ते १९३१ या काळात व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली बसलेल्या या आयोगात ना. म. जोशीही सदस्य होते. जॉबरच्या हातून भरती आणि बडतर्फीचे अधिकार काढून कामगार अधिकारी नेमावेत, असे आयोगाने सुचवले. सरकारी सेवायोजन कचेऱ्यांबाबत मात्र त्याचा कल नकाराकडे होता. कारखान्याच्या दारात हवी तितकी माणसे उभी असताना मालक कचेरीत कशाला जाईल, हा त्यामागचा युक्तिवाद. मालकाला माणसांची टंचाई नव्हती. बातमीची टंचाई होती ती कामगाराला, आणि कामगाराची अडचण हे कचेरी उघडायला पुरेसे कारण मानले गेले नाही.

१२/
तरीही मुंबई इलाख्यात सार्वजनिक पैशातून कामगारविषयक माहिती गोळा करण्याचे एक ठळक काम सुरू झाले होते. १९२१ मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस स्थापन केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून 'लेबर गॅझेट' हे मासिक निघू लागले. पगार, संप, किमती, कामाचे तास, सारे महिन्याच्या महिन्याला छापले जाऊ लागले. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली कामगारांच्या घरखर्चाची मोठी पाहणी झाली: २,४७३ कुटुंबे आणि ६०३ एकटे राहणारे पुरुष. अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

१३/
त्यातला एक निष्कर्ष आजही अंगावर येतो. मुंबईचा कामगार दुष्काळ संहितेत घालून दिलेल्या कमाल प्रमाणाइतके धान्य खात होता. पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्याला जो आहार ठरवला होता, त्याहून त्याचे जेवण कमी होते. सरकारी खात्यानेच सरकारी पैशातून काढलेले हे अनुमान होते. गिरणगावातल्या माणसाला ते नवे नव्हते. पण वकिलाला, पुढाऱ्याला आणि लवादाला हातात धरता येईल असा आकडा पहिल्यांदाच मिळाला.

१४/
'लेबर गॅझेट' इंग्रजीत निघे. बहुसंख्य गिरणी कामगार निरक्षर, आणि साक्षर असले तर मराठी वाचणारे. म्हणजे माहिती कामगारांविषयी होती, कामगारांसाठी नव्हती. गावकीच्या खोलीत ते मासिक कोणी वाचून दाखवत असेल, ही कल्पना करणेही कठीण. तरी याच कचेरीच्या एका आकड्याने हजारो घरांच्या चुली सावरल्या. तो आकडा म्हणजे कामगारवर्गाच्या राहणीखर्चाचा निर्देशांक. दुसऱ्या महायुद्धात महागाई भडकली, तेव्हा गिरणी कामगारांचा महागाई भत्ता या निर्देशांकाला जोडला गेला. निर्देशांक चढला की भत्ता वाढे आणि कोकणात जाणारी मनीऑर्डरही.

१५/
आकडा पगाराला बांधला गेल्यामुळे तो कसा काढतात यावरही लढा झाला. निर्देशांक प्रत्यक्ष महागाईपेक्षा कमी दाखवतो, अशी तक्रार कामगार संघटनांनी लावून धरली. १९६३ मध्ये महाराष्ट्र सरकारने अर्थशास्त्रज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि तिच्या शिफारशींनंतर निर्देशांकात दुरुस्ती झाली. माहितीचा प्रभाव ओळखण्याची ही एक साधी खूण आहे. ज्या आकड्यावरून कोणी भांडत नाही, त्याने बहुधा कोणाचे काही बिघडवलेले किंवा घडवलेले नसते. निर्देशांकावरून माणसे रस्त्यावर आली, कारण तो छापून थांबत नव्हता. तो मालकाला देणे लावत होता.

१६/
भरतीच्या बाबतीत असेच बंधन दोन ठिकाणी आले. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालक संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक कामगारांना बदली कार्ड मिळे आणि रिकाम्या जागी आधी त्यांनाच घ्यायचे असे ठरले. १९५० मध्ये बदली कामगारांची सरकारी नोंदणी योजना गिरण्यांत आली. गोदीत १९४८ चा कायदा आणि त्याखाली आलेली १९५१ ची योजना यांमुळे नोंदणीकृत कामगारांना पाळीपाळीने काम देणारे मंडळ उभे राहिले. या योजनांनी मुकादमाला एका दिवसात संपवले नाही. कार्ड मिळवण्यातही त्याचा हात राहिलाच. पण कार्डधारकाला दारात उभे राहून निदान मागणी करता येऊ लागली. कागदावर बातमी होती आणि तिच्या मागे भरवशाचा शिक्काही होता.

१७/
देशव्यापी सेवायोजन कार्यालयांचा जन्म मात्र वेगळ्या गरजेतून झाला. जुलै १९४५ मध्ये युद्धातून सुटणाऱ्या सैनिकांना नागरी कामावर लावण्यासाठी पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन झाले. फाळणीनंतर निर्वासितांचा भार त्यावर आला आणि १९४८ च्या आरंभी ही कचेरी सर्वांसाठी खुली झाली. बी. शिवराव यांच्या समितीने १९५४ मध्ये ही सेवा कायम ठेवावी असा अहवाल दिला. १ नोव्हेंबर १९५६ पासून दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. जंजिरा संस्थानची प्रजा आता भारतीय नागरिक झाली होती. नोंदवहीत नाव घालण्याचा हक्क बोर्लीच्या तरुणाला प्रथमच मिळाला.

१८/
१९५९ चा कायदा वाचताना दोन गोष्टी समोर येतात. सरकारी क्षेत्रातील सर्व आस्थापना आणि बिगरशेती खाजगी क्षेत्रातील २५ किंवा अधिक माणसांच्या आस्थापना यांनी रिक्त जागा कळवायच्या. दर तिमाहीला माणसांची संख्या आणि दोन वर्षांतून एकदा व्यवसायवार तपशील द्यायचा. देशातल्या रोजगाराचे सलग चित्र मिळवण्याचा हा गंभीर प्रयत्न होता. दुसरी गोष्ट चौथ्या कलमात आहे. जागा कळवली म्हणून कचेरीने पाठवलेलाच उमेदवार घ्यावा, असे मालकावर बंधन नाही. पहिल्या चुकीला दंड ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येक चुकीला १,००० रुपयांपर्यंत.

१९/
आता वगळलेल्या कामांची यादी पाहा. खाजगी शेती आणि फलोत्पादनातली कामे, घरकाम, कचेरीतली शिपायासारखी अकुशल कामे, तीन महिन्यांहून कमी मुदतीची कामे. बोर्लीच्या परिसरात प्रत्यक्ष उपलब्ध असलेली बहुतेक कामे याच यादीत बसतात. पोफळीच्या वाडीतली मजुरी, भातलावणी, बागेची शिंपणी, चार-सहा माणसांच्या होडीवरची मासेमारी, मुंबईत बायकांना मिळणारे घरकाम. कायद्याला दिसत होता तो कारखाना आणि सरकारी कार्यालय. दोन्ही या गावापासून दूर होते. गावाच्या अंगणातले काम नोंदवहीच्या नजरेबाहेरच राहिले.

२०/
अंतराचाही प्रश्न होता. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग. बोर्लीहून तिकडे जायचे तर दिघीला खाडी ओलांडून मुरूडमार्गे, नाहीतर म्हसळा-माणगावचा लांब वळसा घालून. नाव नोंदवायला एक खेप, नूतनीकरणाला पुन्हा एक. न गेल्यास ज्येष्ठता बुडे. त्या दिवसाची मजुरी आणि भाडे धरले, तर विनामूल्य सेवेची किंमत गरिबाला चांगलीच मोजावी लागे. भाषेचेही तसेच. केंद्र सरकारचे रोजगारविषयक साप्ताहिक १९७६ मध्ये सुरू झाले ते इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत, मराठीत नाही.

२१/
तरीही कार्ड काढणे ही दोन-तीन पिढ्यांची रीत बनली. दहावी झाली की नाव घालायचे आणि 'कॉल' येण्याची वाट पाहायची. त्यामागे निव्वळ भाबडेपणा नव्हता. सरकारी नोकरभरतीत या यादीला वजन होते. १९८७ मध्ये एन. हरगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कायदा मालकाला या यादीपुरते बांधून घालत नाही. पण सरकारी खात्यांनी यादीतूनच भरती करावी ही सूचना वैध आहे. ज्यांचा एकही नातलग कचेरीत नव्हता, ज्यांच्यासाठी गावकीची खोलीही उघडत नव्हती, त्यांच्या दृष्टीने टपालाने येणारा तो कॉल ही मोठी गोष्ट होती. १९९६ मध्ये न्यायालयाने यादीबरोबर वृत्तपत्रातून जाहिरातही द्यावी असे सांगितले आणि यादीची मक्तेदारी सुटली.

२२/
या साऱ्याचे मूल्यमापन कचेऱ्यांनी कसे केले? नोंदणी किती, कळवलेल्या जागा किती, पाठवलेली नावे किती, नियुक्त्या किती. २०१० नंतरच्या काही वर्षांत देशभरातील चालू नोंदवहीवर चार कोटींहून अधिक नावे होती आणि वर्षाच्या नियुक्त्या पाच लाखांहूनही कमी. म्हणजे शंभर नावांमागे वर्षाला जेमतेम एक. हा आकडा निराश करतो, पण तोही पूर्ण सत्य सांगत नाही. नोंदवहीत नोकरी असलेलेही होते आणि शिकणारेही; उलट खरे बेकार अनेकदा त्यात नसत. जी वही बेकारी मोजत नाही, तिच्यावरून बेकारीवरच्या उपायाचे यश कसे मोजणार?

२३/
खरा प्रश्न असा विचारावा लागतो: ही माहिती नसती तर काय झाले असते? अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर भारतातील काही गावे सोडतीने निवडली आणि तिथल्या तरुणींपर्यंत तीन वर्षे कॉल सेंटरसारख्या कंपन्यांच्या भरतीची माहिती व मदत पोहोचवली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांत मुलींची लग्ने पुढे गेली, नोकरी आणि शिक्षण वाढले. बातमी दारापर्यंत नेणारा माणूस असेल तर ती आयुष्य बदलते, असे यातून दिसते. फ्रान्समधील २०१३ च्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. नोकरी शोधण्यात मदत मिळालेल्यांचा काही फायदा मदत न मिळालेल्यांच्या जागा गेल्यामुळे झाला होता. जागा तेवढ्याच असतील तर माहितीने रांगेतला क्रम बदलतो, रांग छोटी होत नाही.

२४/
महाराष्ट्राच्याच इतिहासात याच्या शेजारी ठेवण्यासारखी दुसरी नोंदवही आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२-७३ च्या दुष्काळात राज्यभर पसरली; १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिथे नाव घातले की पंधरा दिवसांत काम देणे हे सरकारचे कर्तव्य, नाहीतर भत्ता. काम कष्टाचे, मजुरी थोडी, अंमलबजावणीत उणिवा भरपूर. पण एका वहीतले नाव म्हणजे विनंती आणि दुसऱ्या वहीतले नाव म्हणजे हक्क, हा फरक शेतमजूर बाईलाही समजत होता.

२५/
भरवशाची जागा रिकामी राहिली की जुना दलाल नव्या वेशात परततो. १९७३ नंतर तेलाच्या पैशाने आखाती देशांत कामे वाढली आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यातले तरुण तिकडे गेले. बातमी आणत होते आधी गेलेले नातलग. व्हिसा आणत होता एजंट. १९८३ च्या परदेशगमन कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली आणि त्यांच्या शुल्कावर मर्यादा घातली. ज्याचा भाऊ-मेहुणा दुबईत त्याला खरी खबर; ज्याचे कोणी नाही त्याला एजंटाचा शब्द. इकडे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव विझू लागले आणि गावकीच्या खोल्यांतून येणारी जुनी वार्ताही आटली.

२६/
आज नोंदवही संगणकात गेली आहे. २० जुलै २०१५ रोजी राष्ट्रीय करिअर सेवा सुरू झाली. राज्याचे महास्वयम् संकेतस्थळ आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत १९५९ च्या कायद्याचा विषय समाविष्ट झाला आणि २५ ची मर्यादा २० वर आली. अलिबागची खेप वाचली, ही मोठी सोय. पण कळवलेल्या जागेवर कळवणाऱ्या वहीतलाच माणूस घेण्याचे बंधन आजही नाही. म्हणजे बातमी वेगवान झाली, भरवसा जिथल्या तिथे.

२७/
हा प्रश्न बोर्ली पंचतनच्या उंबरठ्यावर उभा आहे. दिघी बंदर २०२१ मध्ये अदानी समूहाकडे गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात बारा औद्योगिक शहरांना मंजुरी दिली, त्यांत दिघी आहे. शंभर वर्षे माणसे कामाकडे जात होती. आता काम माणसांकडे येण्याची शक्यता आहे. पण गोदीत, गोदामात, बांधकामावर कोणाला घ्यायचे, हे ठेकेदाराच्या मुकादमाने फोनवर ठरवले, तर दिघीपासून काही किलोमीटरवर असलेले गावही अलिबागहून दूर होते तितकेच दूर राहील.

२८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत. या माहितीमुळे कोणाची दस्तुरी बंद झाली? ज्याचे आत कोणी नाही, त्याच्यापर्यंत ती त्याच्या भाषेत पोहोचली का? आणि ती छापल्यानंतर कोणावर काही देणे लागले का? निर्देशांकाने भत्ता लावला, बदली कार्डाने हक्क सांगितला, हमीच्या वहीने पंधरा दिवसांची मुदत घातली. सेवायोजनाच्या वहीने सर्वांना समान ओळ दिली, पण त्या ओळीच्या शेवटी कोणालाच बांधून घेतले नाही. दिघीत पहिली भरती होईल तेव्हा बोर्लीच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर जागांची यादी मराठीत लागते का, आणि त्या यादीतून किती जण प्रत्यक्ष आत जातात, हे मोजायला संशोधन संस्था लागत नाही. एक वही पुरते.